डोकं तुझं, पण मागे बसलेल्या माणसाचं काय

चवथीला सगळे गावच्या घरी जमलो की एकदा तरी हेल्मेटचा विषय निघतोच. माझा मावसभाऊ वाळपईचा, बुलेटवाला, चोर्ला घाट त्याला पाठ. त्याचं म्हणणं एकच, डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, पोलिसाला त्याचं काय पडलंय, तालांव, म्हणजे दंडाची पावती, द्यायला झाडाआड उभे राहतात फक्त.

आणि खरं सांगू, त्याच्या बोलण्यातलं अर्धं मला पटतं. गोव्यात बाइक ही हौस नाहीये, रात्री आठनंतर आतल्या गावात बस शोधून दाखवा. मासळी आणायला बाइक, जत्रेला बाइक, कामावर बाइक, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं तरी मधे बसवून बाइकवरच. पिवळ्या मडगार्डवाले मोटरसायकल पायलट तर इथे कधीपासूनचे, बाकीच्या देशाला बाइक टॅक्सी हे नाव नंतर कळलं. शिवाय पावसाळा संपता संपता केरी सोडून घाट चढायला लागलं की जो ओला वास आणि गार वारा अंगावर येतो तो गाडीच्या काचेआड बसून नाही मिळत. त्यामुळे ज्यांना बाइक म्हणजे मोकळीक वाटते त्यांना मी वेडं म्हणणार नाही.

पण मग मी त्याला विचारलं, दादा, वहिनीचं काय? ती तुझ्या मागे बसते, पुढ्यात पोर असतं. तुझ्या डोक्याचा निर्णय तू घेतलास, तिच्या डोक्याचा कोणी घेतला? तो म्हणाला तिलाच नको असतं, केसांत फाती, म्हणजे फुलांची वेणी, माळलेली असते ती चुरगळते. बरोबर आहे, लग्नाला निघालेल्या बाईला हेल्मेट नकोसं होणारच. पण ब्रेक तिच्या हातात नाही, स्पीड तिच्या हातात नाही, समोरचा खड्डा तिला दिसतसुद्धा नाही, आणि बहुतेक बायका तर साडीमुळे एका बाजूला पाय सोडून बसतात. सगळा धोका तिचा आणि कंट्रोल सगळा दुसऱ्याचा. म्हणून ‘माझं डोकं’वालं आर्ग्युमेंट मला तिथेच संपल्यासारखं वाटतं. कायद्यातही, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ बघा, चालवणाऱ्याला आणि मागच्याला दोघांनाही हेल्मेट आहे, चार वर्षांवरच्या पोराला पण आहे. फक्त पगडी घालणाऱ्या शिखांना सूट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये आणि ३ महिने लायसन्स बाद. तरी आपल्याकडे मागच्याचं हेल्मेट म्हणजे हायवेवर पोलीस दिसला की घालायची वस्तू.

हे भांडण आपलंच आहे असं नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलनं झाली ती सगळ्यांना आठवत असतील. अमेरिकेत तर हे भांडण कोर्टात गेलं. तिथे १९६६ नंतर केंद्राने हायवेचे पैसे अडवायची भीती घातली म्हणून राज्यांनी पटापट हेल्मेटचे कायदे केले, १९७६ मध्ये ती भीती गेली आणि बऱ्याच राज्यांनी कायदे काढून टाकले किंवा सैल केले. न्यू हॅम्पशायरमध्ये आजही मोठ्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही, त्या राज्याच्या नंबरप्लेटवरच ‘लिव्ह फ्री ऑर डाय’ लिहिलेलं असतं. पण १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका बाइकवाल्याने, माझ्या डोक्याशी सरकारचा काय संबंध म्हणून केस केली तेव्हा कोर्टाने जे सांगितलं ते मला आजही बिनतोड वाटतं. तू पडलास की तुला रस्त्यावरून उचलणार समाज, सरकारी हॉस्पिटलात नेणार समाज, आणि कायमचा अंथरुणाला खिळलास तर तुझ्या घरच्यांना बघायचं तेही समाजानेच.

गोव्यात हे समजायला कोर्टाची गरज नाही. डोक्याला मोठा मार लागलेला माणूस पेडण्याचा असो की काणकोणचा, बहुतेक वेळा येतो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलातच. तिथे बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेली आई, बायको, भाऊ बघा, कामधंदा सोडून आलेले असतात सगळे. हेल्मेटने मरणाचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो हे जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत, एवढ्यासाठी केस विस्कटले तर विस्कटू देत.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी दादाच्या बाजूने भांडतो. बाइकवाल्याला सुरक्षित करणारा नियम वेगळा आणि बाइकवाल्याला रस्त्यावरूनच हाकलणारा नियम वेगळा. पणजीचा मांडवी नदीवरचा अटल सेतू २०१९ ला सुरू झाला, पाच किलोमीटरचा देखणा पूल, त्यावर दुचाकीला बंदी. मुंबईत सी लिंकवर बंदी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी, समृद्धीवर बंदी. वारा असतो, गाड्या सुसाट जातात, मान्य. पण मग बाइकसाठी वेगळी लेन का नाही, वेगाला लगाम का नाही? ज्या राज्यात घरटी दुचाकी आहे तिथे पूल बांधताना दुचाकीवाल्याचा विचार शेवटी, किंवा नाहीच. तसंच रस्त्यांचं. पावसात हायवेवर कोरडी जागा बघून गुरं बसतात, रात्री लाइट नसतो, काळी गाय काळ्या डांबरावर दिसणार कशी? रंग उडालेले स्पीडब्रेकर, काम अर्धवट टाकून पसरलेली खडी, यात बाइकवाल्याची चूक काय? माझ्याकडून हेल्मेट मागताय तर जरूर मागा, पण तेवढ्याच हक्काने मी रस्ता मागणार.

आणि एक छोटी गोष्ट जी उद्यापासून होऊ शकते. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या स्कूटर कळंगुट, बागा, हणजूण सगळीकडे फिरतात, वर दोघं आणि हेल्मेट एक, तेही आरशाला लटकवलेलं. किल्लीबरोबर दोन हेल्मेट द्यायची सक्ती करा, आयएसआय मार्कवाली, पट्टा लागणारी. २०२१ च्या जूनपासून मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी पातळ हेल्मेटं मिळतात आणि स्कूटर भाड्याने देणारे तीच घेऊन ठेवतात. दादाला मी यंदा वहिनीसाठी चांगलं हेल्मेट घ्यायला लावलंय, म्हापशाला जाऊन तिच्या डोक्यावर घालून बघून, पट्टा आवळून. फातीचं म्हणाल तर ती आता पर्समध्ये घालून नेते आणि मांडवात पोचल्यावर माळते.