आवाज करणारे जोडे

माझा उजवा पाय बिघडल्याचं मला आधी कानांनी सांगितलं. देवळातल्या सप्ताहात रात्री दहाला पेटीवर बसलो तो पहाटे चारला उठलो. मध्ये मांडी सुटली नाही. पायाला मुंग्या येणं पेटीवाल्याला नवीन नसतं, म्हणून पाय झटकला आणि घराकडे निघालो. त्या वेळी आमच्या गोव्यातल्या माशेलचा बाजार सामसूम असतो. माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. डावी टक, उजवी थप. चार घरं पुढं गेलो आणि ‘थप’चा सूर बदलला. खाली पाहतो तर उजव्या पायात चप्पल नाही. वीस पावलं मागे रस्त्यात उताणी पडली होती. कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं.

साखर सोळा वर्षांची. डॉक्टरांनी नायलॉनचा जाडसर दोरा तळव्याला टोचून पाहिला. तो वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो म्हणे. मी डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं होतं. बराच वेळ काहीच होईना म्हणून मी विचारलं, “सुरू केलंत का?” तर तपासून झालंही होतं. मग कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला. सूर लावायचा असतो तसलाच. कानाशी धरला की झणझणत होता, अंगठ्यावर मुका. शेवटी पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं, तर मी सरळ त्यांच्या अंगावर गेलो. तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून बातमी लागते: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि पायांचे तळवे नि सांधे. माझी तिसरी बातमी बंद पडलेली. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की मी पुढे झुकायचो, आणि दोष न्हाणीघराच्या लाद्यांना द्यायचो!

उजवं पाऊल उचललं न जाता लोंबायचं, त्याचं कारण वेगळं निघालं. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक शीर, म्हणजे मज्जातंतू, जाते. तिथं ती अगदी कातडीखालीच असते. तास न् तास मांडी घातली की दबते. साखरेनं आधीच अशक्त झालेली असली तर लवकर हार मानते. पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्या ताब्यात. वर्षभरात निम्मं परत आलं, निम्मं नाही. तेव्हापासून पोटरीमागून तळव्याखाली जाणारा पांढरा प्लॅस्टिकचा स्प्लिंट आणि खुर्चीवरची पेटी.

दोन आषाढ्या हुकल्या. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही अशा आमच्यासारख्यांची वारी विठ्ठलापूरला, साखळीला. खांडोळ्याहून मांडवीवरचा पूल ओलांडायचा, आमोणे, नावेली करत वाळवंटी नदीच्या काठच्या विठ्ठलापाशी जायचं. धडधाकट माणसाला अर्ध्या दिवसाची चाल. यंदा जायचंच असं चैत्रात ठरवलं आणि जोडे शोधायला निघालो.

पहिला जोड घेतला तो अडाण्यासारखा. दुकानातला पोरगा म्हणाला, “अंगठ्यानं दाबून बघा काका, कसा रुततो!” खरंच रुतला. ज्या पायाला काही कळत नाही त्याला गादीच हवी, असं मला वाटलं. किंमत सांगत नाही, बायको हे वाचणार आहे. घरी अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि तुळशीपाशी आडवा झालो. खाली जमीन आहे की नाही तेच समजेना, होडीत उभं राहिल्यासारखं. त्यात आवाज नाही. तळ इतका मऊ की पाऊल टेकल्याचंही ऐकू येईना. तळव्यांची बातमी बंद होतीच, या जोड्यांनी कानांचीही बंद केली. दुकानदार परत घेईना. ते जोडे आता भाचा घालतो.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या थोरल्या भाचीच्या वयाची, पण शिकवते मास्तरणीसारखी. तिनं एक बूट हातात घेतला आणि ओला टॉवेल पिळतात तसा पिळला. “पिळला गेला तर नको. बोटांच्या मुळाशी वाकू दे, मध्ये वाकायला नको. टाचेमागची वाटी दाबा, ती दबता कामा नये. टाच ठेंगणी, तळ रुंद, टोक जरा वर उचललेलं. आणि हलका. तुम्हाला पाऊल उचलता येत नाही काका, त्याला वजन कशाला बांधताय?” बंद जोडा हवा हेही तिचंच म्हणणं. पावसाळ्यात आम्ही सगळे सॅंडल घालतो, पण उघड्या सॅंडलमध्ये खडा शिरतो, पट्टा घासतो, आणि बधिर पाय तक्रार करत नाही.

मी म्हटलं, तळ टणक घेतला तर तळव्याला फोड येतील. त्यावर तिनं वेल्लोरच्या डॉक्टर पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितली. कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना त्यांनी ओळखलं, की जखमा होतात त्या दुखणं कळत नाही म्हणून. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि माणूस चालतच राहतो. त्या कामातून बारीक छिद्रांच्या रबराच्या वहाणा आल्या. एमसीआर म्हणतात ते हेच. तेव्हा मऊ थर आत, पायाला लागून. बाहेरचा तळ घट्ट. मी नेमकं उलटं विकत घेतलं होतं.

दुसऱ्या खेपेला संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय सुजतात. स्प्लिंट घालून गेलो. आतला सुटा तळ काढून टाकला तेव्हा उजवा नऊ नंबरात बसला. एरवी माझा आठ. डाव्यात एमसीआरचा थर घातला आणि दोन्ही पायांची उंची जुळवली. तोंड पुढपर्यंत उघडणारं, वर वेल्क्रोचे पट्टे. दिसायला शाळेच्या शिपायाचे. मी मात्र दुकानातच लादीवर चाललो, डोकं बाजूला करून, पेटीचे सूर तपासतो तसा. डावा ठक, उजवा ठक. स्प्लिंट पाऊल आपटू देत नव्हता आणि तळ मला तसं सांगत होता. पोरगा माझ्याकडे चमत्कारिक बघत होता. हेच घेतले.

एक खोट उरली. चढावर उजव्याचं टोक अडकायचं. बाजारात चपला शिवायला बसणाऱ्याकडे गेलो. त्यानं टोकाखालचं रबर पाहिलं, तिथं घासून पांढरं झालं होतं. “मास्तर, रबर धरतं, चामडं सोडतं,” असं म्हणून त्यानं टोकाचं बोटभर रबर तासलं आणि चामड्याची गुळगुळीत पट्टी बसवली. टाचेचं रबर तसंच ठेवलं. एवढं ज्ञान मला कुठल्या इस्पितळात मिळालं नव्हतं.

नवे जोडे पहिल्या दिवशी एक तास, मग दर दोन दिवसांनी थोडं जास्त. काढल्यावर तळव्याचा फोटो मोबाईलवर, कारण वाकून बघणं जमत नाही. स्प्लिंटची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी चालायचं नाही. पांढरे मोजे, शिवण नसलेले, रक्त आलं तर दिसावं म्हणून.

आषाढीला दिंडी पहाटे पाचला निघते. अंधारात माझी डोळ्यांची बातमीही जाते, म्हणून विणेकरीबुवांनी उजाडेपर्यंत थांबू या म्हटलं. दोघे-तिघे कुरकुरले. बुवा म्हणाले, “विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, अजून तासभर राहील.” सव्वासहाला निघालो. उपास मी केला नाही. पोटात गोळी आणि वर उपास म्हणजे साखर खाली जाण्याची हमी, आणि साबुदाण्यानं उलट वर. सकाळी दोन भाकऱ्या खाऊन निघालेला वारकरी दिंडीत मी एकटाच असेन.

पाऊस होताच. छत्री काठी म्हणून वापरू नका, तिचं टोक ओल्या रस्त्यावर सरकतं. काठी डाव्या हातात, म्हणजे दुबळ्या पायाच्या उलट. अंगात रेनकोट, पण टोपडं खाली. टोपडं चढवलं की कडेचं दिसत नाही, नि जोडेही ऐकू येत नाहीत. डोकं भिजलं तर भिजलं.

खांडोळ्यापर्यंत टाळकऱ्यांच्या मध्येच होतो. भजनी ठेक्यावर पाय आपोआप पडतात. आठ मात्रांत किती पावलं बसतात ते माझ्या अंगात मुरलेलं आहे, आणि समेवर डावी टाच टेकली की उजवीला लय सापडते. पण गजर चढला, टाळ दुणीत गेले, आणि माझे जोडे ऐकू येईनासे झाले. तिथंच पहिल्यांदा ठेचाळलो. मग दिंडीच्या मागे वीसेक पावलं राहिलो. ठेका ऐकू येईल, पण पावलंही ऐकू येतील, एवढं अंतर. शेवटच्या माणसाच्याही मागे चालणारा पेटीवाला! तरण्या पोरांची पावली बघायला मिळाली, हा फायदाच.

पुलावर वारा. पुलाच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या आहेत. भाचा प्रत्येक पट्टीआधी “मामा, पट्टी” म्हणत गेला. खाली मांडवी तांबडी झालेली, शेजारून ट्रक गेला की पूल हलायचा. पूल हलतोय की मी, हे मला भाच्याला विचारावं लागायचं.

आमोण्यात एका घराच्या सोप्यावर चहा. म्हातारी माझ्या पायाकडे बघून म्हणाली, “सवकास वच रे पुता.” मोजे बदलायला डावा जोडा, म्हणजे माझा चांगला पाय, काढला. आतून चिऱ्याचा लाल खडा निघाला, चिंचोक्याएवढा. पुलाच्या अलीकडे कुठं तरी शिरला असणार. तळव्यावर त्याचा खोल ठसा, कडा जांभळट. मला त्याचं काहीच कळलं नव्हतं. लोंबणाऱ्या पायाची काळजी करत होतो, आणि घात दुसरा पाय करत होता. तिथं पाऊण तास थांबलो, ठसा फिका होईपर्यंत. दिंडी पुढं गेली. पुढं दर अर्ध्या तासानं जोडा काढून हात घालायचा, असं भाच्यानं फर्मान काढलं आणि पाळायला लावलं.

नावेलीचा रस्ता सांगण्यासारखा नाही. चिखल, ट्रक, पुन्हा चिखल.

विठ्ठलापूरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. वाळवंटी फुगलेली, आवाज दुरूनच येत होता. आणि देवळासमोर येऊन मी अडलो. तीन महिने जोडे, जोडे करत काढले, आणि देवापुढं जायचं तर ते काढायचे! एकानं जवळ येऊन सांगितलंच, “माउली, बूट बाहेर.” बरोबरच होतं त्याचं.

नुसता स्प्लिंट ठेवून चालत नाही, हे घरी करून पाहिलं होतं. त्याचा कोन जोड्याच्या टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. जोडा गेला की गुडघा मागे ढकलला जातो आणि माणूस पाठीवर कलतो. वर तो प्लॅस्टिकचा, ओल्या लादीवर साबणासारखा. म्हणून त्या मुलीनं क्रेप बँडेज बांधायला शिकवलं होतं. पावलाभोवती एक वेढा, मग घोट्यावरून आठाच्या आकारात, प्रत्येक वेढ्याला पाऊल वर खेचत. फार आवळायचं नाही, काम झालं की लगेच सोडायचं. भाच्यानं पायरीवर बसून बांधलं. एका खांद्याला तो, दुसऱ्याला विणेकरीबुवा. वीणा त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात दिली होती.

आता पायाला आवाज नव्हता. ओलं कुठं, कोरडं कुठं, तेही कळत नव्हतं. पुढच्या माणसाच्या पावलांचे ओले ठसे बघत गेलो. ठसे संपले तिथं लादी कोरडी. त्यामुळे सभामंडपभर मान खाली. बुवांनी दंड दाबला तेव्हा वर पाहिलं, तर विठोबा समोर. दोन्ही पाय जुळवून, कमरेवर हात. मी तसा उभा राहिलो असतो तर पडलो असतो. डोळे मिटून हात जोडायची सवय, ती त्या दिवशी मोडली. उघड्या डोळ्यांनीच दर्शन घेतलं.

परत गाडीनं आलो. बँडेज सोडलं, जोड्यांत वर्तमानपत्र कोंबलं. डाव्या तळव्यावर एक फोड होताच, तो डॉक्टरांना दाखवला. आठ दिवस चालणं बंद.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला. अख्खं माशेल तिथं लोटतं. मी कठड्यावर जुने जोडे घालून बसलो. भाचा आपादमस्तक चिखलात, दात तेवढे पांढरे. धावत येऊन म्हणाला, “मामा, पाय तरी बुडवा!”

“पायांना सांगून उपयोग नाही रे,” म्हटलं, आणि वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. चिखल वरून कोमट होता, आत गार.