तुम्ही विचारलंत म्हणून: मानतात की नाही?

पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "आयर्लंडमध्ये अजून पऱ्याबिऱ्या मानतात म्हणे, खरं का हो?"

हाच प्रश्न मी पहिल्या वर्षी घरमालकीणबाईंना विचारला होता. "छे, काहीतरीच! जुन्या पिशोगी त्या," म्हणाल्या. पिशोगी म्हणजे अंधश्रद्धा. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या रात्री बाई कुंपणाच्या झुडपाखाली वाकून काहीतरी ठेवताना दिसल्या. पाहिलं तर बाळ येशूची वीतभर मूर्ती. लाल झगा, डोक्यावर मुकुट. 'चाइल्ड ऑफ प्राग'. ती रात्रभर बाहेर ठेवली की लग्नात पाऊस येत नाही. मानेभोवती गोंदाची पिवळी रेघ होती. मला हळहळ वाटली, तर म्हणाल्या, मुंडकं तुटलेलीच जास्त गुणाची. फक्त ते आपसूक तुटायला हवं, मुद्दाम तोडलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत कोरडं होतं. फोटोंच्या वेळी धो धो.

हॅलोविनला चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव करतात, बार्मब्रॅक. त्यात अंगठी लपवलेली असते. जिच्या फोडीत येईल तिचं वर्षभरात लग्न. पूर्वी नाणंही घालत, चिंधीही, वाटाणाही. नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. एकदा ऑफिसात अंगठी माझ्या फोडीत आली, आणि माझं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झालेली! क्षणभर सगळे गप्प. मग एकाने हळूच विचारलं, "नवऱ्याची तब्येत बरी आहे ना?"

आणि पऱ्यांचं म्हणाल, तर 1999 साली क्लेअर काउंटीत लाटूनजवळ नव्या रस्त्याच्या वाटेत एक हॉथॉर्न येत होता. पांढऱ्या फुलांचं हे काटेरी झाड एकटं उभं असलं की ते पऱ्यांचं समजतात. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने जाहीर सांगितलं, हे तोडाल तर या रस्त्यावर अपघात होतील. वर्तमानपत्रांत गाजलं, आणि झाड राहिलं. 2002 मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

छाटणाऱ्याचं पुढे काही झालं असेल का, असं मी बाईंना विचारलं.

"काय होणार? मी नाही असलं मानत," त्या म्हणाल्या. चहा ओतला, दूध घातलं. "पण त्याच्या गाडीत मी बसणार नाही."