चार पायांची गाडी आणि आमचे मार्शल

आमच्या गावात सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ‘मेजर’ म्हणतात. एसटीचा कंडक्टर म्हणतो, किराणा दुकानदार म्हणतो, आणि ज्याच्या दंडावर नोकरीभर एक फीतही चढली नाही असा शिपाईगडीसुद्धा ही बढती निमूटपणे पदरात पाडून घेतो. या फुकटच्या बढत्यांचा हिशेब वर्षातून एकदाच चुकता होत असे, तो 26 जानेवारीला, माजी सैनिक मंडळाच्या मेळाव्यात. शाळेतले झेंडावंदन आटोपून मुलांना बुंदी वाटून झाली की मंडळाचे पंधरा-वीस सभासद शाळेमागच्या शेतात चिंचेखाली जमत. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला पडत, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजू लागे, आणि भाजीला उकळी येण्याच्या आत कोणाचा हुद्दा मोठा हा वाद उकळू लागलेला असे.

मी सैनिक नव्हतो. शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवीत असे, आणि हस्ताक्षर बरे म्हणून मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या वह्या आजही माझ्याकडे आहेत. त्यांत ठराव थोडे आहेत. समासात टिपून ठेवलेली बोलणीच अधिक आहेत, आणि त्यांतली निम्मी घोड्यांविषयी आहेत.

याला कारण आमचे रिसालदारकाका. ते रणगाडा दलातून निवृत्त झालेले. 1938 पासून आपल्या घोडदळाच्या रिसाल्यांकडून घोडे काढून घेण्यास सुरुवात झाली आणि त्यांच्या जागी गाड्या व रणगाडे आले. हुद्द्यांची नावे मात्र घोड्यावरून खाली उतरलीच नाहीत. पायदळातला शिपाई तिकडे आजही ‘सवार’, हवालदार तो ‘दफादार’ आणि सुभेदार तो ‘रिसालदार’. पूना हॉर्स या रेजिमेंटच्या नावात अजून घोडा आहे, पण 1971 च्या डिसेंबरात बसंतरच्या लढाईत त्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल झुंजले ते सेंच्युरियन रणगाड्यातून. काकांना या परंपरेचा मोठा अभिमान होता. ते खुर्चीवर बसतसुद्धा रिकिबीत पाय अडकवल्यासारखे. आयुष्यात ते घोड्यावर कधी बसले होते काय, हा प्रश्न मात्र त्यांच्या तोंडावर कोणी विचारीत नसे.

विचारणारे एकच होते, पायदळातले हवालदारकाका. ते म्हणत, “आमी पायदळ म्हून तुमी हसता, पन म्हाराजायच्या पागेत हवालदार घोड्यावरच बसे. मास्तर, सांगा यायले.” मग मी साक्ष देत असे, कारण ती खरी होती: शिवकालीन घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि सर्वांच्या वर सरनोबत अशी उतरंड होती, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. एवढे ऐकले की हवालदारकाका विजयी मुद्रेने विचारीत, “मंग रिसालदारसाहेब, तुमचा टँक सरकारीच व्हता ना? म्हंजे तुमी बारगीर!” यावर रिसालदारकाकांना उत्तर सुचायला चांगला एक रोडगा भाजून होईपर्यंत वेळ लागे, आणि सुचे ते एकाच शब्दाचे असे: “खोगीरभरती!”

जमादारबुवांचे दुःख वेगळे होते. ‘जमादार’ हा हुद्दा 1965 मध्ये बदलून ‘नायब सुभेदार’ झाला, आणि बुवा त्याच्या आधीच निवृत्त झालेले. त्यामुळे खांद्यावर तारा मिरवून आलेल्या या माणसाला पाहुणेमंडळी पोलीस खात्यातले समजत. त्यात भर म्हणून हवालदार, सुभेदार, नाईक ही आपल्याकडे आडनावेही आहेत. शाळेतल्या एका गुरुजींचे आडनाव यांपैकीच होते, आणि एका वर्षी बाहेरगावच्या पाहुण्यांनी त्यांनाच मानाने पहिल्या रांगेत बसवून बुवांना मागे पाठवले. बुवा ही गोष्ट पुढे दरवर्षी सांगत. दरवर्षी त्यात एक रांग वाढत असे.

या सगळ्या गलबल्यात गप्प बसणारे एकच गृहस्थ होते, ड्रायव्हरबापू. सैन्यात ते ड्रायव्हर होते, एवढेच गावाला ठाऊक होते. निवृत्तीनंतर कोणीतरी त्यांना एसटीत अर्ज करा असे सुचवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, “माह्या गाडीले चार पाय व्हते.” ते खेचरांचे ड्रायव्हर होते. जिथे ट्रकचा रस्ता संपतो तिथून वरच्या चौक्यांपर्यंत दारूगोळा, रेशन आणि रॉकेल पाठीवर नेणारी ही खेचरे. प्रत्येकीच्या पाठीवर सुमारे दोन मणांचे ओझे, आणि खुरावर डागलेला नंबर हीच तिची ओळख. खेचराच्या पाठीवर सामान असते, माणूस नसतो. त्याचा ड्रायव्हर लगाम धरून बाजूने पायीच चालतो. हवालदारकाका म्हणत की सैन्यात सर्वांत जास्त जनावरे पाहिलेला आणि सर्वांत जास्त पायी चाललेला माणूस एकच आहे, आणि त्याच्या दंडावर फीत नाही.

बापूंची परीक्षा एका वर्षी अचानक झाली. शाळेच्या प्रभातफेरीसाठी शिवाजीमहाराजांच्या वेशातल्या मुलाला बसवायला आम्ही लग्नाच्या वरातीची घोडी भाड्याने आणली आणि तिची जबाबदारी साहजिकच रिसालदारकाकांकडे दिली. लेझीमचा ताशा वाजला आणि घोडी, जन्मभर जे शिकली होती तेच, म्हणजे नाचू लागली. काकांनी लगाम ओढला तसा तिला अधिकच चेव आला. दिवस लग्नसराईचे होते. वाटेत एका घरापुढे मांडव दिसताच ती महाराजांसह सरळ आत वळली आणि नवरदेव उतरण्याची वाट पाहत उभी राहिली. मांडवातल्या बायका आरती घेऊन पुढे आल्या, यात त्यांची काय चूक? अखेर बापूंनी ताशा थांबवला, घोडीच्या डाव्या खांद्याशी उभे राहून तिच्या मानेवर हात ठेवला, तंगात, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्यात, दोन बोटे घालून पाहिली आणि तो एक घर सैल केला. “लय आवळला व्हता,” एवढेच ते म्हणाले. पुढची सगळी फेरी घोडी त्यांच्या खांद्याला नाक लावून चालली. रिसालदारकाका तिच्या मागून चालत होते, आणि ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण हवालदारकाकांनी त्या दिवशी उलटी करून ‘घोड्यामागून रिसाला’ अशी प्रचारात आणली.

मला विशेष आठवतो तो 1987 चा मेळावा. आदल्याच वर्षी जनरल करिअप्पांना फील्ड मार्शल हा हुद्दा मिळाला होता. माणेकशांनंतरचे ते दुसरे. सरपंचांच्या घरून टीव्ही आणून शाळेच्या व्हरांड्यात ठेवला होता आणि सगळे संचलन पाहत होते. जयपूरच्या 61 व्या कॅव्हलरीचे घोडेस्वार पडद्यावर आले तसे रिसालदारकाका ताठ उठून उभे राहिले. संस्थानांच्या घोडदळांतून 1953 मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट. आता खऱ्या अर्थाने स्वार म्हणावेत असे फार थोडे उरले होते, आणि काकांच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसले त्यावर हवालदारकाकासुद्धा काही बोलले नाहीत. राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांचे सगळे घोडे तांबूस आणि तुतारीवाल्याचा तेवढा पांढरा का, असे एका मुलाने विचारले, तेव्हा लढाईच्या धुळीत सेनापतीला तो लांबून दिसावा म्हणून, असे काकांनी घसा खाकरून सांगितले.

मग बोलणे मार्शलवर आले. शब्दांची मुळे उकरण्याची मला खोड आहेच. मी सांगितले की ‘मार्शल’ हा जुन्या जर्मन भाषेतून आलेला शब्द आहे. त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे घोडा, दुसरा म्हणजे चाकर, आणि मूळ अर्थ घोड्यांची निगा राखणारा, म्हणजे आपला मोतद्दार. ‘कॉन्स्टेबल’ हा शब्दही घोड्यांचाच, पण लॅटिनमधला, तबेल्याचा अधिकारी अशा अर्थाचा. जमादारबुवांनी हे दोनदा सांगायला लावले. हवालदारकाका एकदम उठले, टाचा जुळवून ड्रायव्हरबापूंसमोर उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. “मंग आपले मार्शल तं इथंच बसले हायेत ना बाप्पा!” त्या दिवसापासून ड्रायव्हरबापूंचे ‘मार्शल’ झाले, आणि इतिवृत्तात मी ती नोंद ठराव म्हणून, सूचक आणि अनुमोदकांसह, केली. अनुमोदन रिसालदारकाकांचे होते.

बापूंची एक सवय होती. पंगत बसली, पानावर रोडगा चुरून वर तूप पडले तरी ते बसत नसत. बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, बैल हौदाकडे नेत. आमच्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचे हौद मोजके, म्हणून ते आधी स्वतः ओंजळभर चाखून पाहत. आधी पाणी, मग चारा, आणि मग माणसाचे जेवण, हा त्यांच्या नोकरीतला क्रम होता. ते परत येईपर्यंत पंगत थांबे. सुरुवातीला नाइलाजाने थांबे, पुढे रिसालदारकाकाच एखाद्या उतावळ्या पोराच्या हातावर चापट मारून म्हणत, “मार्शल येऊ दे.”

बापू जाऊन आता बरीच वर्षे झाली. मेळावा चालू आहे. बंड्या कोणी आणत नाही, चिंचेखाली मोटारसायकलींची रांग लागते. गेल्या वर्षी पंगत बसली तेव्हा नव्वदीला टेकलेले हवालदारकाका पानाला हात न लावता त्या रांगेकडे पाहत राहिले. नुकताच निवृत्त होऊन आलेला एक पोरगा त्यांना म्हणाला, “आबाजी, जेवा ना.”

“जेवतो,” हवालदारकाका म्हणाले. “पयले जाऊन पाह्य, गाडीत पेट्रोल हाये काय तुह्या.”