दोन केळी आणि एक चेंडू

शनिवार, रात्री साडेदहा

हात अजून जड आहेत, तरी लिहून ठेवते. उद्या आईच्या "कुणी सांगितले होते नसते उद्योग?" मध्ये सगळं विसरून जायला होईल.

आज प्लेटलेट्स देऊन आले. तिसऱ्या खेपेला जमलं. आधी दोनदा हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली निघालं म्हणून परत पाठवलं होतं. मग तीन महिने बाळंतिणीसारखे अळिवाचे लाडू खाल्ले. आज 12.9!

नुसतं रक्त दहा मिनिटांत देऊन होतं, हे मात्र तासाभराचं काम. मशीन एका हातातून रक्त घेतं, त्यातल्या प्लेटलेट्स बाजूला काढतं आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत सोडतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. कॅल्शियम कमी होतं म्हणे, त्यावर चघळायला गोळी दिली. खरा छळ नाकाचा. दोन्ही हात अडकलेले आणि नाकाच्या शेंड्याला खाज! "लाजू नका ताई, सगळ्यांचं होतं," म्हणत टेक्निशियनने कापसाच्या बोळ्याने खाजवून दिलं.

पिशवी भरत आली तशी लिंबू सरबतासारखी पिवळसर दिसायला लागली. तिला फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलणाऱ्या कप्प्यात ठेवतात, आणि टिकते ती जेमतेम पाच दिवस. म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही, कुणीतरी रोज यावं लागतं.

2017 च्या सप्टेंबरात असाच एक अनोळखी माणूस प्लेटलेट्स द्यायला आला होता. बाबांना डेंग्यू, प्लेटलेट्स नऊ हजार, हिरड्यांतून रक्त. माझा मेसेज कुणाकुणाकडून फिरत त्याच्यापर्यंत पोचला असावा. रात्री नऊला फोन आला, "जेवून येऊ की तसाच येऊ?" मी म्हटलं, "तसेच या, लवकर या." हडपसरहून भर पावसात आला बिचारा, आणि ब्लड बँकेतल्या बाई कडाडल्या, उपाशी माणसाचं घेत नाही म्हणून. कँटीन बंद. बाबांसाठी आणलेली दोन केळी होती, ती त्याला दिली. आधी त्याच्या रक्ताचा नमुना तपासायचा होता, त्यात दीड तास गेला. तो बाकावर बसून मोबाईलवर मॅच बघत होता. एक वाजता मला वॉर्डातून बोलावणं आलं. खाली आले तर बाकाखाली हेल्मेटमधून निथळलेलं पाणी तेवढं होतं. नाव विचारायचं राहिलं. फॉर्मवर होतं, पण तेव्हा बघायचं सुचलं नाही. आपण साधं थँक्यू म्हटलं नाही म्हणून रागावून गेला असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आज बाहेर पडले तर कॉरिडॉरमध्ये एक जण वाट बघत उभा. त्याच्या आईची किमो चालू आहे. त्याने घडी घातलेली पाचशेची नोट माझ्या मुठीत कोंबायला सुरुवात केली, "रिक्षाला तरी घ्या ताई." पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद आहे वगैरे मी सांगू लागले, तर त्याचे डोळेच भरून आले. आता हा पाया पडतोय की काय असं वाटलं. लिफ्टची वाट न बघता जिन्याने चक्क पळाले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकदम हसू आलं. तोही असाच सटकला असणार!

रिक्षात सुट्टे शोधायला पर्स उघडली तर आत ब्लड बँकेचा तो दाबायचा स्पंजचा चेंडू. कधी टाकला कोण जाणे. सोमवारी ऑफिसला जाताना परत द्यायला हवा.