लाईन गेली का? 'इनसाइड'चा शेवट आणि आमचा हरभरा

आधीच सांगून ठेवतो, ज्यांनी 'इनसाइड' हा व्हिडिओ गेम खेळला नाही आणि खेळायचा विचार आहे त्यांनी इथूनच परत जा, कारण मी सगळं फोडणार आहे, शेवट पण आणि शेवटामागचा शेवट पण.

तर झालं असं की डिसेंबरात आमच्या फीडरला, म्हणजे शेतातल्या मोटरींना वीज देणाऱ्या तारेला, आठवडाभर रात्रीचीच लाईन (वीज) होती. हरभऱ्याला पाणी सुरू, स्प्रिंकलर लावलेले, दर अडीच-तीन तासांनी पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, त्यामुळे झोपून उपयोग नाही आणि जागून करायचं काय हा प्रश्न. पुण्याची नोकरी सोडली तेव्हा सोबत आणलेला जुना लॅपटॉप होता, त्यात सेलमध्ये घेऊन पडून असलेला हा गेम होता. समोरच्या खोलीत कापूस भरलेला आहे (भाव चढेल म्हणून ठेवलाय, दरवर्षीचंच आहे), त्या ढिगाला पाठ टेकून बसलो. खाज सुटते पण गरम राहतं.

गेम डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा. त्यांचा 'लिम्बो' २०१० ला आला, तो काळा-पांढरा, जंगलातला पोरगा आणि तो भलामोठा कोळी, तो बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यानंतर सहा वर्षं लावून २०१६ ला 'इनसाइड' काढला आणि तो संपतो तीन-चार तासांत. आता याच्यावरून लोक रडतात की एवढ्या पैशात एवढासाच गेम. मी पण आधी तसंच म्हणत होतो. कोडी म्हणून बघाल तर फार डोकं लावावं लागत नाही हेही खरं आहे, पेटी ढकला, दांडा ओढा, कुत्रं येण्याच्या आत कुंपण चढा. कुत्र्यांनी मात्र मला रडवलं, इतक्यांदा फाडलं की बाबा उठून आले की काय वाजून राहिलं म्हणून.

आणि मग ते बसलेच. याचं कारण म्हणजे गेममध्ये एकही शब्द नाही. कोणी बोलत नाही, खाली काही लिहून येत नाही, इंग्रजी येत नसलं तरी काही अडत नाही. लाल शर्टातलं एक पोरगं, त्याला चेहरा पण नाही, उजवीकडे पळत राहतं एवढंच. सुरुवातीलाच एका ट्रकात माणसं भरून नेताना दिसतात, मागचं दार बंद होतं आणि ट्रक जातो. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही, वेचणीच्या दिवसात आमच्याकडे पिकअप अशाच भरून येतात. मग मक्याचं शेत आलं, मेलेली डुकरं आली, तेव्हा मात्र ते सावरून बसले. एका डुकराच्या शेपटीकडून किडा लोंबतोय, ते अंगावर धावून येतं, आपण तो किडा उपटून काढला की शांत होतं. बाबा म्हणाले, "अशी एक एक अळी उपटता आली असती तं बोंडअळीचं काम किती सोपं झालं असतं."

पिल्लांचा भाग तर त्यांना फार आवडला. कोंबडीची पिल्लं पोराच्या मागे मागे येतात, मशीन त्यांना ओढून घेतं आणि गवताच्या गठ्ठ्यावर फेकून मारतं, गठ्ठा खाली पडतो आणि आपलं काम होतं. पिल्लं मरत नाहीत, उठून परत मागे लागतात. मला ते बघून कसंतरी झालं, कारण त्याच ठिकाणी पहिल्यांदा लक्षात येतं की आपण पण दुसऱ्याला वापरून घेतोय.

पुढे ते उघडच होतं. टोपीसारखं एक यंत्र लोंबकळत असतं, पोरगं त्यात डोकं घालतं आणि दूर उभी असलेली बिनडोक माणसं त्याच्या हालचालीने चालायला लागतात. त्यातल्या एकाला दुसऱ्या टोपीत घातलं की तो पण अजून कोणाला चालवतो. हे बघताना माझ्या खिशात फोन होता आणि त्या फोनवरून मी दोन किलोमीटरवरची मोटर चालू करतो. मोबाईल स्टार्टर आहे ना, सिमकार्डवाला, रिंग दिली की मोटर सुरू. आजपर्यंत ही मला सोयच वाटत होती.

आवाजाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्टिन स्टिग आंडरसन म्हणून त्यांचा आवाज-संगीतवाला आहे, त्याने या गेमचे आवाज माणसाच्या खऱ्या कवटीतून वाजवून परत रेकॉर्ड केले. मला हे नंतर कळलं, पण हेडफोन लावून खेळताना आवाज बाहेरून न येता आपल्याच हाडातून येतोय असं वाटत होतं ते उगाच नव्हतं.

आता शेवट. पोरगं त्या प्रयोगशाळेच्या पोटात जातं, तिथे पाण्याच्या मोठ्या टाकीत माणसांच्या हातापायांचा एक लगदा असतो, त्याला लावलेली यंत्रं काढायला जातं आणि तो लगदा पोराला आत ओढून घेतो. पोरगं संपलं. यापुढे आपण तो लगदा आहोत. भिजलेल्या कापसाच्या गाठोड्यासारखा लोळत, भिंती फोडत, ओरडत बाहेर निघतो, डोंगरउतारावरून गडगडत पाण्याच्या काठाला येऊन पडतो. वरून उजेडाचा एक पट्टा अंगावर. वारा, पाणी, गवत. मी बटणं दाबून बघितली, काहीच हलत नाही. बराच वेळ तसंच, आणि मग नावं यायला लागतात.

पुष्कळ लोक म्हणतात की तो सुटला. मला पण पहिल्या वेळी तसंच वाटलं आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. पण दुसऱ्यांदा खेळताना दिसलं की आत, त्या इमारतीतच, त्याच काठाचा छोटा नमुना बनवून ठेवलेला आहे, उतार तोच, पाणी तेच आणि वरून सोडलेला दिवा. म्हणजे तो बाहेर पडला ती जागा त्यांना आधीच माहीत होती. तो ऊन नव्हताच मग, तो दिवा होता, किंवा ऊन असलं तरी कोणीतरी आधी मोजून ठेवलेलं. शिवाय टाकीसमोर माणसांची गर्दी आठवा, पळून जायचं सोडून बघायला जमलेली. माझं मत या बाजूचं आहे. सुटका झाली पण ती त्यांच्या कागदावर होती.

आणि मग तो लपलेला शेवट. गेमभर चमकते गोळे लपवलेले आहेत, सगळे शोधून बंद करायचे. माझे तीन राहिले होते, ते यूट्यूबवर बघून काढले, लाज नाही वाटत. मग त्याच मक्याच्या शेतात जमिनीखाली जायचा रस्ता उघडतो. तळाशी एक खोली, एक जाड वायर. ओढली. दिवे गेले, आणि पोरगं मान टाकून, हात लोंबकळत, त्या बिनडोक माणसांसारखंच उभं राहिलं. बस, गेम संपला.

बाबा मागे बसलेले, त्यांना झोप लागली असेल असं मला वाटलं होतं. म्हणाले, "लाईन गेली का रे?"

मी म्हटलं नाही बाबा, गेममधलीच गेली.

"मंग त्या पोट्ट्याले कोन सांगून रायलं होतं पळ म्हनून?"

"मीच ना. बटणं मीच दाबत होतो."

"अन् तुले?"

मी हसलो, पण गेमवर वाचलेल्या सगळ्या लांबलचक थिअऱ्यांत हा प्रश्न असा कोणी विचारलेला मला दिसला नव्हता. सगळे पोराला चालवणारा खेळणारा आहे इथपर्यंत येतात आणि तिथे थांबतात, कारण तिथे थांबलं की आपण हुशार ठरतो. तीन तासांच्या गेमचे पैसे वसूल झाले की नाही याचं माझं उत्तर एवढंच आहे की बाबा माझ्यासोबत रात्री दोनपर्यंत बसले आणि आम्ही भाव, कर्ज, माझं लग्न यातलं काहीच बोललो नाही. दुसऱ्या रात्री त्यांनीच विचारलं, ते पोट्टं लावतो का.

त्यांचं म्हणणं मात्र पहिल्यापासून वेगळंच आहे. त्यांच्या मते काठावर आलेला तो गोळा मेलेला नाही आणि सुटलेला पण नाही, "थकला असन, पडला." एवढंच. माझा छोटा नमुना, दिवा वगैरे सगळं दाखवलं त्यांना, थांबवून थांबवून. म्हणे, असू दे ना, पडला तं पडला, पडू द्या त्याले.

एवढं बोलून होते न होते तोच फोन वाजला. स्टार्टरचा. लाईन आली होती, मोटर आपोआप सुरू झाली होती. बाबा म्हणाले, "ऊठ, पाईप बदलाचे हायेत." मी मफलर गुंडाळला, टॉर्च घेतला आणि उठलो.