कोल्हापूरला सांगली दिसली!

"मॅडम, सांगलीवाल्यांचा आकडा पण दिसाय लागलाय की मला!" सोमवारी सकाळीच कोल्हापूरच्या शाखा व्यवस्थापकांचा फोन. ते खूश, माझ्या पोटात गोळा. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनातला विक्रीचा रिपोर्ट सगळ्या शाखांना एकच. ज्याने त्याने आपल्या शाखेपुरतं पाहावं म्हणून मीच रो-लेव्हल सिक्युरिटी लावलेली, म्हणजे कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारे 'रोल' केलेले.

डेस्कटॉप अॅपमध्ये 'व्ह्यू अॅज' केलं, म्हणजे त्यांच्या नजरेने पाहिलं, फक्त कोल्हापूर. ऑनलाइन सर्व्हिसमध्ये 'टेस्ट अॅज रोल', तिथेही फक्त कोल्हापूर. सरांच्या स्क्रीनवर मात्र अख्खा महाराष्ट्र! दोन दिवस रोलमधलं डॅक्सचं (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) सूत्र उकरत बसले. टेबलांमधल्या रिलेशनशिप उलटसुलट केल्या, चारदा पब्लिश केलं, दर वेळी "सर, आता बघा बरं." शेवटी तेच कंटाळून म्हणाले, "राहू दे की, मी बघत न्हाई सांगलीकडं."

सूत्र ठीकच होतं. घोळ वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट ठेवलेल्या सामायिक जागेत होता. कुणाची तक्रार नको म्हणून आमच्या आयटीने सगळ्या व्यवस्थापकांना तिथे कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे रिपोर्ट बदलूही शकणारे, करून ठेवलेलं. अॅडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर या तिघांना ही सिक्युरिटी लागूच होत नाही, लागू होते ती नुसतं पाहणाऱ्या व्ह्यूअरला. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी अॅक्सेसची यादी उघडा. मी ती तिसऱ्या दिवशी उघडली. आणि तो एक ड्रॉपडाउन बदलायला तिकीट, मग 'अप्रूव्हल पेंडिंग', मग आणखी तीन दिवस! देताना मात्र कुणाची मंजुरी लागली नव्हती.

हो, 'व्ह्यू अॅज'मध्ये 'अदर युजर'मध्ये दुसऱ्याचा मेल टाकताना रोलवरही टिक करा, नाहीतर सगळाच डेटा दिसतो. आणि एकच माणूस दोन रोलमध्ये असेल, तर त्याला दोन्हींचा मिळून डेटा दिसतो.

सगळे व्ह्यूअर झाले आणि नाशिकच्या बाईंचा रिपोर्ट कोरा. या वेळी मी शहाणी झाले होते. नुसतं युजरप्रिन्सिपलनेम (पाहणाऱ्याचं लॉगिन दाखवणारं) फंक्शन असलेलं एक मेजर, म्हणजे सूत्र, केलं, रिपोर्टमधल्या एका छोट्या चौकटीत, म्हणजे कार्डावर टाकलं आणि त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागवला. कार्डावर माहेरचं आडनाव! लग्नानंतर त्यांचा मेल बदलला होता, लॉगिन जुनंच राहिलं होतं. कुणाची कोणती शाखा हे लिहिलेल्या माझ्या टेबलात मात्र नवा मेल. एक ओळ दुरुस्त केली, रिफ्रेश केलं, पाच मिनिटांत नाशिक हजर.

ते कार्ड मी काढलेलं नाही. रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवलंय. फोन आला की पहिला प्रश्न, "खाली उजवीकडे काय लिहिलंय ते वाचा."