४० मीटर खालचा गुलाबी

हौशी मासेमारांना बोटीवरून समुद्रात नेणं हे माझं काम. बोट नांगरायच्या आत एक प्रश्न हमखास येतो: "दादा, आज कुठल्या रंगाचं आमिष चालेल?" या प्रश्नाला मी आज जे उत्तर देतो, ते एका दिवशी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभं आहे.

त्या दिवशी बोटीवर काका-पुतण्याची जोडी होती. काकांची पेटी उघडली तर आत जिग रंगवार लावलेले. ज्यांनी जिग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: माशाच्या आकाराचा, वजनदार धातूचा रंगवलेला तुकडा आणि त्याला गळ. तळापर्यंत सोडायचा आणि रॉडला हिसके देत वर आणायचा, की शिकारी माशाला तो जखमी मासळीसारखा वाटतो.

आम्ही ४० मीटरच्या खडकाळ तळावर होतो. पाणी हिरवट, ओढ बऱ्यापैकी. पुतण्याने गुलाबी जिग सोडला आणि थोड्याच वेळात गोबरा वर आला. मग तांबोशी, मग पुन्हा गोबरा. शेजारी काकांचा निळा जिग मात्र रिकामाच फिरत होता.

"दादा, आज गुलाबीच चालतोय. मलाही गुलाबी द्या."

मी पेटीकडे न बघता दोरांकडे बघत होतो. पुतण्याचा दोर पाण्यात जवळजवळ सरळ उतरत होता, काकांचा लांब तिरका गेला होता. पुतण्याचा जिग १२० ग्रॅमचा, काकांचा ८० ग्रॅमचा, शिवाय काकांचा दोर जाड. जाड दोराला प्रवाह जास्त ढकलतो, हलका जिग त्याच्याबरोबर वाहत जातो.

"काका, जिग तळाला टेकल्याचं हाताला कळतंय का?"

"टेकत असावा..."

हे 'असावा' मी बोटीवर फार ऐकतो. तळाला टेकला की दोर क्षणभर ढिला पडतो. ते स्पष्ट जाणवलं नाही, तर जिग पाण्याच्या मध्येच कुठेतरी आहे असं धरून चालावं. तळालगत राहणारा मासा त्याच्यासाठी फार वर येत नाही. मी काकांच्या हातात बारीक दोराचा दुसरा रॉड दिला आणि त्याला १२० ग्रॅमचा जिग बांधला, मुद्दाम निळाच. तो तळाला टेकला, काकांनी चार-पाच हिसके दिले आणि रॉड वाकला.

मासा बोटीत आल्यावर काका म्हणाले, "निळ्याची वेळ झाली असेल आता."

त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. समुद्रात वेळ बदलते, ओढ बदलते, माशांची भूक बदलते. एका दिवसाच्या माशांवरून रंगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना त्यांच्या बाजूने ना माझ्या. म्हणून मी कॅमेरा काढला.

तळाचे खडक बघायला बोटीवर केबलचा एक कॅमेरा असतो. त्याचा दिवा बंद केला आणि रंग आपोआप सुधारायची सोयही बंद केली. नाहीतर तो खालचे रंग आपल्या मनाने भरून दाखवतो. कॅमेऱ्यासमोर काठीला चार जिग बांधले: गुलाबी, निळा, साधा नारिंगी आणि फ्लोरोसंट नारिंगी. आणि केबल सोडत गेलो.

सुरुवातीच्या काही मीटरमध्येच गुलाबी जिगच्या अंगावरचा लाल पट्टा मेला. मेला हाच शब्द मला बरोबर वाटतो, कारण पट्टा होता तिथेच होता, फक्त लाल राहिला नव्हता. १५ मीटरच्या आसपास साधा नारिंगी मातकट झाला. त्याखाली गुलाबी फिका करडा पडत गेला. ४० मीटरवर पडद्यावर सगळंच हिरवट करडं होतं: गुलाबी आणि निळा यांची चंदेरी पोटं सारखीच दिसत होती, निळ्याची पाठ तेवढी जास्त गडद. फ्लोरोसंट नारिंगी मात्र तिथेही नारिंगीच होता.

पाणी प्रकाश शोषतं, पण सगळे रंग सारखेच शोषत नाही. लाल सगळ्यात आधी जातो. अगदी स्वच्छ पाण्यातही १० मीटरपर्यंत बहुतेक संपतो. मागोमाग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ खोल समुद्रात सगळ्यात खोल पोचतो तो निळा. आमच्यासारख्या हिरवट पाण्यात मात्र सूक्ष्म वनस्पती आणि विरघळलेले पदार्थ निळाही खातात आणि उरतो तो हिरवा. साध्या रंगाला परतवायला त्याच रंगाचा प्रकाश लागतो. तो वरून आलाच नाही तर रंगाचं काही चालत नाही. फ्लोरोसंट रंग निळा-हिरवा प्रकाश पितो आणि नारिंगी होऊन बाहेर टाकतो, म्हणून तो खालीही टिकतो. त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पृष्ठभागापासून जिगपर्यंत आणि जिगपासून माशाच्या डोळ्यापर्यंत, असं दोन्ही अंतर त्या प्रकाशाला पाण्यातूनच कापावं लागतं. मासा लांब असेल तर उरलासुरला रंगही वाटेत जातो.

हे मी काकांना सांगत असताना पडद्यावर एक मासा आला. करडा, काळपट, अंगावर कुठलाही रंग नाही. तो काठीजवळ घुटमळला आणि कडेने निघून गेला. काही क्षणांत काकांचा रॉड दणकन वाकला. मासा वर आला तेव्हा पाण्यातच तो हळूहळू रंगत गेला, आणि बोटीत पडला तो लालभडक तांबोशी.

काका कधी माशाकडे, कधी पडद्याकडे बघत राहिले. "हा लाल? मघाशी दिसला तोच?"

"तोच की त्याचा भाऊ, ते सांगता येणार नाही काका. पण खाली सगळे तांबोशी असेच दिसतात. तिथे लाल प्रकाशच नाही, त्यामुळे लाल अंग म्हणजे काळोखात लपणं. खोल पाण्यातले इतके मासे लाल असतात ते यामुळे."

या कामात मला सगळ्यात आवडलेली घटका ती. वर्षानुवर्षं आपण तांबोशी लाल म्हणून ओळखतो, आणि तो राहतो तिथे तो कुणालाच लाल दिसत नाही.

कॅमेरा म्हणजे माशाचा डोळा नव्हे, हेही मी काकांना सांगितलं. पण प्रकाश पुरेसा कमी झाला की माशाचा डोळाही रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींवरून अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशींवर जातो, आणि दंडपेशींना रंगात फरक कळत नाही. कळतं ते उजळ आणि गडद.

मग रंग बघूच नये का? पुतण्याने हे विचारलं आणि प्रश्न रास्त होता. उथळ, स्वच्छ, उजेडातल्या पाण्यात रंगाला अर्थ आहे. लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशावर इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशाला लाल आणि हिरवा उत्तम ओळखता येतात; पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. म्हणजे पेटीतले जे दोन रंग आपल्याला अगदी वेगळे वाटतात, ते त्याच्या लेखी एकच असू शकतात.

संध्याकाळी आम्ही माकुळासाठी थांबलो. त्याचे जिग निराळे: कोळंबीच्या आकाराचे, शेपटीला टाचण्यांचा मुकुट. हे बाजारात सगळ्यात जास्त रंगांत मिळतात. आणि माकुळाच्या बहुतेक जातींच्या डोळ्यात रंगद्रव्य एकच असतं, म्हणजे त्यांना आपल्यासारखे रंग दिसतच नाहीत! प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेत हलतात ते, मात्र दिसतं, जे आपल्याला दिसत नाही. बोटीच्या दिव्याच्या कडेला, उजेड संपून सावली सुरू होते तिथे, पुतण्याच्या गडद लाल जिगला माकुळं लागत राहिली. रात्री लाल म्हणजे काळाच, उजेडासमोर त्याचा आकार ठसठशीत उठतो. बोट फिरली, तो जिग पूर्ण अंधारात गेला आणि लागणं थांबलं. मग ग्लो, म्हणजे उजेड साठवून अंधारात चमकणारा, जिग टॉर्चखाली धरून उजळवला आणि सोडला, तेव्हा पुन्हा सुरू झालं. इथे फरक पडला होता आणि तो जिगच्या रंगानेच पडला होता, पण उजळ-गडद म्हणून.

परतताना पुतण्याने विचारलं, पेटीत काय ठेवू? मी म्हटलं, एक फिका, एक गडद, एक फ्लोरोसंट, एक ग्लो. उरलेल्या पैशांत वेगवेगळ्या वजनांचे घे, ६० ग्रॅमपासून २०० पर्यंत, आणि बारीक दोर.

काकांनी गुलाबी जिग ठेवून घेतला. "यावर माझा विश्वास बसलाय दादा," म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. विश्वास असलेला जिग माणूस चिकाटीने खेळवतो, वारंवार तळाला टेकवतो, कंटाळून गुंडाळून ठेवत नाही. फक्त तो ८० ग्रॅमचा होता. तोच गुलाबी १२० ग्रॅममध्ये त्यांना काढून दिला.